नव्या गिटारला आधी एक सोलापुरी उन्हाळा दाखवा

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्याच्या मनात, गिटार खोक्यातून बाहेर यायच्या आधीच बदलायच्या भागांची यादी तयार झालेली असते. पिकअप अमक्या कंपनीचे, खुंट्या लॉकिंगच्या, नट हाडाचा, जमलंच तर पिकगार्डही काळं. व्हिडिओ बघून बघून ही यादी पाठ होते. ती फाडून टाका असं मी म्हणणार नाही. पण सोलापुरात राहत असाल तर एक उन्हाळा सरेपर्यंत ती कपाटात राहू द्या. मधल्या काळात गिटारसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं हजार-दोन हजारांत भागतं.

स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, आयबानेझ जिओ अशा आवाक्यातल्या गिटार आता बहुतेक इंडोनेशिया किंवा चीनमधल्या कारखान्यांतून येतात. बॉडी आणि नेक संगणकावर चालणारं यंत्र कापतं, त्यामुळे मापं फारशी चुकत नाहीत. वीस वर्षांपूर्वी या किमतीत असं लाकूडकाम मिळत नव्हतं. कारखाना पैसे वाचवतो तो माणसाच्या वेळात. फ्रेटची टोकं गोल करणं, नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कोरणं, तारांची उंची जुळवणं या कामांना सराईत हात लागतो आणि तास-दोन तास लागतात. स्वस्त गिटारच्या वाट्याला तेवढा वेळ येत नाही. म्हणून नव्या गिटारमध्ये जे खटकतं ते बहुतेक वेळा राहून गेलेल्या कामामुळे खटकतं. महागडे पिकअप बसवले तरी ते काम राहिलेलंच राहतं.

तंबोऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. तंबोरा नीट बोलत नसला तर कुणी भोपळा बदलायला निघत नाही. कारागिराकडे नेऊन जवारी काढून घेतात. घोडीवर कानशीचे मोजके हात फिरतात आणि तेच वाद्य भरून वाजायला लागतं. गिटारवाले ज्याला सेटअप म्हणतात तो साधारण याच जातीचा प्रकार आहे.

खोकं उघडताना

आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार बहुधा ऑनलाइन मागवली जाते, नाहीतर कुणी पुण्या-मुंबईला जाऊन घेऊन येतं. मार्च ते मेमध्ये पार्सल आलं असेल तर ते ट्रकच्या तापलेल्या पोटातून आलेलं आहे हे लक्षात ठेवा. उत्साह कितीही असो, खोकं घरात सावलीत रात्रभर तसंच ठेवावं आणि सकाळी उघडावं. लाकूड आणि पॉलिश घरच्या तापमानाला आलं की मगच पाहणीला अर्थ. उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. परत करायची वेळ आली तर तोच पुरावा.

पहिल्या पाहणीत एकच प्रश्न सोडवायचा असतो: दिसतोय तो दोष परत पाठवण्याचा आहे की दुरुस्त करण्याचा? परत पाठवण्याची मुदत थोडी असते, त्यामुळे हे आधी.

हेडस्टॉककडून बॉडीच्या दिशेला एक डोळा मिटून नेककडे पाहा. फिंगरबोर्डाच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली तर नेकला पीळ आहे. पीळ ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी सळीने, जात नाही, गिटार परत. नेक जिथे बॉडीला जोडली आहे तिथे लाकडात तडा नाही ना ते बघा. नुसती पॉलिशमधली केसासारखी रेघ असेल तर घाबरायचं कारण नाही, पण ती लाकडात उतरलेली असेल तर गिटार ठेवू नका. मग पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटपाशी बोर्डाच्या कडेपासून किती आत आहेत ते पाहा. एक तार कडेवरून घसरायच्या बेतात आणि दुसरी भरपूर आत असेल तर नेक तिरकी बसली आहे. चार स्क्रू जरा सैल करून ती सरळ होते, पण नव्या गिटारवर हा उद्योग आपण कशाला करायचा? विक्रेत्याला विचारा.

शेवटी सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर सावकाश वाजवा. दाबलेल्या फ्रेटऐवजी पुढच्या फ्रेटचा सूर येत असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. असा एखादा असेल तर कारागीर पंधरा मिनिटांत ठोकून किंवा घासून बसवतो. चार-पाच ठिकाणी तसं होत असेल आणि तारा थोड्या उचलूनही जात नसेल तर गिटार परत करा.

बाकीच्या तक्रारी घरच्या आहेत. तारा उंच आहेत, थोडी खरखर आहे, बाराव्या फ्रेटवर सूर चढतो, बेंड घेताना फ्रेट खरबरीत लागतात, आवाजाची चकती फिरवताना कर्र होतं: यातल्या एकाही कारणासाठी गिटार परत करू नका, नवी येईल तीही तशीच असेल. खरबरीत फ्रेटवर तर उपाय अगदी सोपा. बोर्डाला मास्किंग टेप लावून फ्रेट मऊ कापड आणि चिमूटभर ब्रासोने घासा, आरशासारखे होतात. लोखंडी घासणी मात्र गिटारजवळ आणू नका. तिचा बारीक चुरा पिकअपच्या चुंबकांना चिकटतो आणि कायमचा त्रास देतो.

पाहणी झाली की गिटार आधी अँपला न जोडताच वाजवा. घरातला पंखा बंद करा आणि ऐका. विजेशिवाय जी तार लवकर विझते ती अँपमध्येही लवकर विझते. पिकअपला जे मिळतं तेच तो पुढे पाठवतो.

घुं आणि झिणझिण्या

अँप लावला की घुं आवाज येतो आणि नवा वादक म्हणतो पिकअप फालतू आहेत. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. लोखंडी तार त्याच्यापुढे थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. पण तेच वेटोळं घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं क्षेत्रही पकडतं, आणि ते घुं म्हणून ऐकू येतं. एका वेटोळ्याच्या पिकअपचा, म्हणजे सिंगल कॉइलचा, हा स्वभावच आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये उलट दिशेची दोन वेटोळी जोडून हा आवाज मारला. अशा पिकअपला हंबकर म्हणतात. तीन सिंगल कॉइलच्या गिटारवर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकत्र चालतात. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे घुं जवळजवळ थांबतं. थांबत असेल तर गिटार व्यवस्थित आहे.

आता तारांना हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर वायरिंग बरोबर आहे. वाढला तर गिटारच्या आतलं एखादं जोडकाम उलटं किंवा सुटलेलं आहे. आणि बोटांना झिणझिण्या आल्या तर अँप तिथल्या तिथे बंद करा. दोष गिटारचा नाही, घराचा आहे.

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार असतेच असं नाही. दिवा, पंखा, मिक्सर सगळं चालतं, म्हणून कळत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा मात्र केबलमधून थेट अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि त्या तारांवर तुमचा घामेजलेला हात असतो. अँपमध्ये काही बिघडलं आणि अर्थिंग नसलं तर वीज जायला एकच वाट उरते. ओळखीच्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या. तो २-३ व्होल्टच्या वर नको. आवाज कमी होतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याचं गिटारवादन ऐका, विजेचं ऐकू नका.

मंडपात धोका वाढतो. गणपतीत किंवा लग्नाच्या रिसेप्शनला गिटारचा अँप एका बोर्डावर आणि गायकाचा माइक जनरेटरवरच्या दुसऱ्याच लायनीवर असतो. दोन्हींच्या अर्थमध्ये फरक असला तर एका हातात गिटार आणि ओठांना माइक ही जोडी जीवघेणी ठरते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीच्या रंगमंचावर असाच गेला. माइकला तोंड लावण्यापूर्वी गिटारची तार माइकच्या जाळीला टेकवून बघा. ठिणगी किंवा मोठा आवाज आला तर साउंडवाल्याला बोलवा. अँप आणि माइकचा मिक्सर शक्यतो एकाच बोर्डावरून घ्यायला लावा. साउंडवाले कुरकुरतात, कुरकुरू द्या.

सेटअप: क्रम मोडू नका

सेटअपसाठी लागणारी हत्यारं सगळी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात: ॲलन कीचा संच, चांगला फुलीचा स्क्रूड्रायव्हर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी. ट्यूनर मोबाईलमधला चालतो. टेबलावर सोलापुरी चादर घडी करून अंथरा, दुसरी गुंडाळून नेकखाली ठेवा. चादरीचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

आधी नव्या तारा. कारखान्याच्या तारा किती महिने गोदामात होत्या कुणास ठाऊक. नवशिक्याला ९-४२ चा संच बोटांना सोसतो. १०-४६ जरा ताठ. कुठलाही निवडा, पण एकदा निवडल्यावर वर्षभर बदलू नका, कारण तारेची जाडी बदलली की ओढ बदलते आणि पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं. नवी तार हाताने हलकेच ओढून ताणा, सूर लावा, पुन्हा ओढा. ती सूर सोडायची थांबेपर्यंत हे चालू द्या. तार सुरात टिकत नाही अशी तक्रार असलेल्या निम्म्या गिटारना एवढंच हवं असतं.

मग नेकचा बाक. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे दाबा. ताणलेली तार हीच तुमची सरळपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी फट हवी, साधारण पाव मिलिमीटर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा. फट नसेलच तर उलट दिशेने पाव फेरा सोडा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकदा मोजा, कारण लाकूड सावकाश मान टाकतं. रॉड जोर करूनही फिरत नसेल तर थांबा. त्यापुढचं काम कारागिराचं.

बाक जमल्यावर तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर पट्टी टेकवून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. बारीक तारेला १.६ आणि जाड तारेला २ मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली मापं. ब्रिजवरच्या सॅडलचे छोटे स्क्रू फिरवून उंची येते. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागते, त्यात कमीपणा नाही.

त्यानंतर सुराची लांबी, म्हणजे इंटोनेशन. मोकळी तार सुरात लावा आणि बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला सूर चढत असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरत असेल तर जवळ आणा. हे नेहमी शेवटाकडे करायचं, कारण उंची बदलली की हेही बदलतं. घरी हार्मोनिअमवाल्यांबरोबर बसायची वेळ आली आणि त्यांची पेटी ट्यूनरपेक्षा जराशी चढी निघाली, तर गिटारच्या तारा पेटीला मिळवून घ्या. एवढ्याशा फरकाने सेटअप बिघडत नाही. अख्खी पट्टी उतरवून कायम तशीच ठेवणार असाल तर मात्र बाक पुन्हा मोजावा लागेल.

सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि आवाजातला सर्वांत मोठा फुकटचा बदल इथेच दडलेला असतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि पिकअपपर्यंतचं अंतर बघा: जाड तारेखाली २ ते २.५, बारीक तारेखाली १.५ ते २ मिलिमीटर. कारखान्यातून पिकअप बऱ्याचदा वर चढवलेले येतात, दुकानात गिटार दणदणीत वाजावी म्हणून. फार जवळ आणलेला चुंबक तारेलाच ओढून धरतो. सूर डुगडुगतो, जाड तारा गढूळ वाटतात. पिकअप दोन फेरे खाली करा आणि पुन्हा ऐका. कितीतरी जणांचा नवे पिकअप घ्यायचा बेत इथेच बारगळलेला आहे.

स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीच्या गिटारला ट्रेमोलोची दांडी असते. ती वापरणार नसाल, आणि ऑर्केस्ट्रात साथ करणाऱ्याला ती क्वचितच लागते, तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे दोन मोठे स्क्रू आवळा. ब्रिज बॉडीवर टेकून बसेल. तरंगता ब्रिज असताना कार्यक्रमात एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात.

उन्हाळा कशासाठी

गिटार बहुधा दमट हवेच्या देशातून निघते आणि पर्जन्यछायेतल्या आपल्या गावी येते. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, हवा खडखडीत कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही. म्हणून एप्रिलमध्ये नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचायला लागतात. घाबरलेला मालक लगेच कानस घेतो किंवा गिटार विकायला काढतो. थोडं थांबा. लाकूड जितकं आकसायचं तितकं आकसू द्या आणि मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, टोकं घासून घ्या. कोरड्यात कोरड्या ऋतूत घासलेली टोकं पुढे सहसा बाहेर येत नाहीत. हेच काम ऑगस्टमध्ये केलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करावं लागतं.

फिंगरबोर्ड शिसवाचा किंवा लॉरेलचा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला तारा काढून त्याला तेलाचा हलका हात द्या. २०१७ मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा बऱ्याच कंपन्या इंडियन लॉरेलकडे वळल्या. वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तरी स्वस्त गिटारांवर लॉरेल टिकून आहे. हे लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. इमारतीला वापरायचं लाकूड, चिवट आणि चांगलं. शिसव नाही म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. तेल मात्र गिटारसाठी मिळणारं खनिज तेलच घ्या. खोबरेल किंवा गोडेतेल काही महिन्यांत चिकट होतं आणि वास मारतं. मेपलच्या चकचकीत पॉलिश केलेल्या बोर्डाला तेल लावायचंच नाही.

सोलापुरी उन्हाळ्यातली खरी फसवी गोष्ट म्हणजे कूलर. दुपारी कूलर चालू असताना खोली ओलसर, रात्री बंद केला की पुन्हा कोरडी. नुसत्या कोरडेपणापेक्षा हा रोजचा झोका नेकला जास्त छळतो. गिटार कूलरच्या झोतात भिंतीवर टांगू नका. केसमध्ये किंवा जाड बॅगेत, आतल्या भिंतीला ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते बॅगेत टाका. ४० ते ५५ टक्के हा चांगला पट्टा. त्याच्या बरंच खाली गेलं तर छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज ठेवला तरी भागतं. आणि उभ्या उन्हात गाडीत गिटार ठेवून जेवायला जाऊ नका, नेकचा डिंक सुटू शकतो.

कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. मुंबई-कोकणात तारा बघता बघता गंजतात. इथे वाजवून झाल्यावर कापडाने पुसल्या तर पुष्कळ टिकतात. धूळ मात्र चकत्यांमध्ये आणि स्विचमध्ये शिरते. कर्र आवाजाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि चकती वीस-तीस वेळा मागे-पुढे फिरवणं, एवढाच इलाज.

वर्षभर एक वही ठेवा. तारीख, कुठल्या तारा, बाक किती, उंची किती, काय खटकलं. नेक उन्हाळ्यात कुठल्या बाजूला जाते आणि पावसाळ्यात कुठे येते हे प्रत्येक लाकडाचं निराळं असतं, आणि तुमच्या गिटारचं तुमच्या वहीशिवाय कुणी सांगू शकत नाही. फ्रेट घासायचं काम निघालं आणि गिटार पुण्या-मुंबईला न्यावी लागली, तर कारागिराला ‘आवाज बरोबर येत नाही’ असं सांगू नका. ‘तिसरी तार, नवव्या ते बाराव्या फ्रेटवर खरखर, उन्हाळ्यात जास्त’ असं सांगा. तारांचा आकडा आणि तुम्ही कुठल्या पट्टीत लावता तेही सांगा. तो काय काय करणार आणि किती घेणार हे आधी ठरवा. बसच्या डिकीत गिटार टाकण्यापेक्षा रेल्वेने, वरच्या बर्थवर आपल्याबरोबर न्या. तारा पूर्ण सैल करायची गरज नाही. अर्धा-एक स्वर उतरवल्या की पुरे.

आता यादी काढा

उन्हाळा गेला, वही भरली. आता कपाटातली यादी काढली की तिच्यातल्या निम्म्या गोष्टी अनावश्यक वाटतील. उरलेल्यांचा क्रम माझ्या मते असा.

पहिला खर्च अँपवर, किंवा अँपच्या जागी ऑडिओ इंटरफेस आणि बऱ्या हेडफोनवर. गिटारच्या संचाबरोबर मिळणाऱ्या छोट्या अँपचा स्पीकर वीतभरही नसतो. त्यातून हजारांचा पिकअप आणि शेकड्यांचा पिकअप सारखेच ऐकू येतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला संगणकावरचा अँप जास्त उपयोगी, शेजारीही बोलत राहतात.

मग नट. सूर लावताना खुंटी फिरवली तरी काही होत नाही आणि अचानक टिक असा आवाज होऊन सूर उडी मारतो? तार नटच्या खाचेत अडकते आहे. लोक खुंट्या बदलतात आणि त्रास तसाच राहतो. आधी मऊ पेन्सिलचं शिसं खाचेत भरून बघा. पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड चढे वाजत असतील, तर नटच उंच आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा, पहिल्या फ्रेटवर केसभरच फट दिसायला हवी. हाडाचा किंवा ग्रॅफाइटचा नट स्वतः स्वस्त असतो. पैसे तो कोरणाऱ्याला द्यायचे असतात आणि ते आनंदाने द्यावेत, कारण प्रत्येक खाचेला वेगळ्या जाडीची कानस लागते आणि एक घास जास्त झाला की नट कचऱ्यात.

खुंट्या खरोखरच डुगडुगत असतील तरच बदला. मागवण्यापूर्वी जुनी काढून हेडस्टॉकच्या छिद्राचा व्यास आणि मागच्या स्क्रूंच्या जागा मोजा, नाहीतर नव्या छिद्रांसाठी ड्रिल हातात येतं.

वायरिंगमध्ये सर्वांत आधी मरतो तो जॅक. त्याचा नट सैल होतो, केबल लावताना अख्खा जॅक फिरतो आणि आतली वायर तुटते. ६.३५ मिलिमीटरचा मजबूत मोनो जॅक घेऊन टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. जुन्या जोडणीचा फोटो दाखवा, तो पाच मिनिटांत डाग लावून देईल. पिकगार्ड उघडलंच आहे तर आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडून घ्या, घुं बराच कमी होतो. सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट (चकतीखालचे रोधक) ही प्रचलित जोडी; चुकीचा पॉट बसवला तर आवाज एकतर बोथट किंवा किरटा होतो. टोनच्या कपॅसिटरवर मात्र पैसे उधळू नका. तेच मूल्य असलेला साधा दहा रुपयांचा कपॅसिटर आणि हजारांचा कपॅसिटर यांत माझ्या कानाला फरक ऐकू आलेला नाही.

पिकअप सर्वांत शेवटी, आणि तेही वाक्य पूर्ण करता आलं तरच: ‘मला अमुक वाजवायचं आहे आणि या पिकअपमधून ते येत नाही.’ गिटारच्या इतिहासातले चांगले बदल असेच झाले आहेत. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये तीन पिकअप आणि तीन जागांचा स्विच घेऊन आली. वादकांना दोन पिकअपचा एकत्र आवाज हवा होता म्हणून ते स्विच दोन जागांच्या मध्येच अडकवून वाजवायचे. कंपनीने पाच जागांचा स्विच १९७७ मध्ये दिला. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोसाठी मोटारसायकलच्या स्प्रिंगा. क्वीनच्या गाण्यांत तीच वाजते. या लोकांना काय हवं ते आधी कानात ऐकू येत होतं.

घुं नको आणि जाडसर आवाज हवा, असं तुमचं वाक्य असेल तर सिंगल कॉइलच्या आकाराचा हंबकर ब्रिजच्या जागी बसतो, लाकूड कापावं लागत नाही. तिन्ही पिकअप बदलू नका. एक बदला, दोन महिने वाजवा. बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप घेणार असाल तर बॅटरीसाठी जागा आहे का ते पाहा.

काढलेला प्रत्येक भाग स्क्रूंसकट पाकिटात घालून त्यावर नाव लिहा. जुनी गिटार विकताना सुधारणांवर घातलेला पैसा परत येत नाही. मूळ भाग परत बसवून गिटार वेगळी आणि पिकअप वेगळे विकले तर निदान थोडा सुटतो.